जागचं न हललेलं विमान

हैदराबादहून परत आल्यापासून इथे रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरायला गेलो की एक प्रश्न ठरलेला असतो. "काय, बसलात का विमानात?" मी सांगतो, बसलो. "कुठून कुठे?" मी सांगतो, हैदराबादहून मुंबई, मुंबईहून थोडं दक्षिणेला आणि परत मुंबई, पण विमान जागचं हललं नाही. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानातले तराजू, पेट्रोलपंपाची मापं, मिरकरवाड्याच्या बंदरावरचे मासळीचे काटे तपासणं हे माझं काम. थट्टेखोर म्हणून माझी ख्याती नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ वाढतो. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं असं ठरवलं.

माझी मुलगी अनघा वैमानिक होते आहे. एका उड्डाणशाळेत लहान, एका इंजिनाच्या विमानावर ती शिकली आणि परवाना मिळवला. २००६च्या सुमाराला नव्या विमान कंपन्या निघत होत्या; त्यांतल्या एकीनं तिला उमेदवार म्हणून घेतलं. पण लहान विमानावरून एकदम दीडशे माणसांच्या जेटवर कोणी बसवत नाही. मध्ये एक पायरी असते. हैदराबादच्या प्रशिक्षण केंद्रात त्या जेटची हुबेहूब नक्कल उभी केली आहे. त्यात शिकायचं, शेवटी तपासणी द्यायची आणि मगच खऱ्या विमानाला हात लावायचा.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी तिचा फोन आला.

"बाबा, तपासणीत राहिले मी. अजून एकदाच देता येते. त्यातही राहिले तर कंपनी घरी पाठवते. तुम्ही येता का?"

"काय चुकलं?"

"उंचीचं."

एवढंच. मी बायकोला म्हटलं, तू जा. ती म्हणाली, "मी गेले तर मी रडेन, मग ती रडेल. तुम्ही जा. तुम्ही काय, तिथे जाऊन काटेच तपासाल." आणि तिनं कुळथाचं पीठ, कोकमं आणि फणसपोळी बांधून दिली.

आंबा घाटापलीकडे

रत्नागिरीला धावपट्टी आहे, पण प्रवासी विमान नाही. एसटीनं आंबा घाट चढून कोल्हापूर आणि तिथून सोलापूरमार्गे हैदराबाद असा प्रवास केला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. अंग आंबलं एवढंच. जमीन मात्र बघण्यासारखी बदलत जाते. आमचा तांबडा कातळ घाटापलीकडे संपतो, मग काळी माती लागते, आणि हैदराबाद जवळ आलं की एकदम धोंडे सुरू होतात. आमचा कातळ आडवा पसरलेला असतो. इथले धोंडे गोल, घराएवढे आणि एकावर एक रचून ठेवल्यासारखे. वरचा धोंडा खालच्यावर वीतभर जागेत टेकलेला. बसमधून मी प्रत्येकाचा तोल कुठे असेल ते बघत राहिलो. एकही पडलेला दिसला नाही.

अनघा शारदम्मा नावाच्या बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहत होती. शारदम्मा साठीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. त्यांचे यजमान निवृत्त रेल्वे गार्ड, ते बोलत नसत. बोलायची गरजच त्यांना पडत नसावी. माझी सोय त्यांच्या बैठकीत झाली. जेवायला भात आणि लालभडक चटणी आली. पहिला घास घेतला नि डोळ्यांतून पाणी आलं. पण त्या तिखटाखाली ओळखीची आंबट चव होती. विचारलं तर पाला आणून दाखवला. ते ज्याला गोंगुरा म्हणतात ती आपली अंबाडी. आपण ती कण्या घालून शिजवतो, हे लोक मिरची घालून तिची परीक्षा घेतात.

अनघा बारीक झाली होती. मी उंचीचं पुन्हा विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

पेटी

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर केंद्रावर गेलो. दोन मजले उंचीचं एक सभागृह, आत भरपूर गारवा, आणि मधोमध सहा पोलादी पायांवर उभी एक पांढरी पेटी. पेटी म्हणजे आमच्या बैठकीच्या खोलीएवढी. पाय लांब-आखूड होतात, ते तेलाच्या दाबानं, त्यामुळे पेटी पुढे-मागे-आडवी कशीही कलते. आत जायला एक छोटा पूल. माणसं आत गेली की पूल उचलून घेतात आणि मग आतली माणसं अधांतरीच.

अनघाचे प्रशिक्षक कॅप्टन मेनन. हवाई दलातून निवृत्त झालेले, कृश, पूर्ण टक्कल, चहात चार चमचे साखर घालणारे. हिंदीत बोलायचे. मी कोण काय ते कळल्यावर हसले. "वजनमापे? मग तुम्ही हे तपासाच. आत्ता एक विद्यार्थी आजारी आहे, पेटी रिकामी आहे. मागच्या खुर्चीत बसा."

डाव्या खुर्चीत मेनन, उजवीकडे अनघा, मागे पट्ट्यात बांधलेला मी. आत सगळं खरं. खटके, दिवे, तरफा विमानातल्याच. काचेबाहेर हैदराबादची धावपट्टी. मला ठाऊक होतं की बाहेर धावपट्टी नाही, भिंत आहे. तरी विमान धावायला लागलं तसा मी पाठीनं खुर्चीत रुतलो. "अगो!" असं तोंडातून निघून गेलं आणि अनघा पुढे बघतच हसली.

हे कसं होतं ते नंतर तिथल्या तंत्रज्ञानं समजावलं. वेग वाढल्याचं दृश्य समोर दिसत असताना पेटी हळूच मागे कलते. आपलं स्वतःचंच वजन पाठीवर येतं आणि शरीर समजतं, वेगानं ढकललं. म्हणजे खोटं वजन. माझ्या खात्यात यावर खटला भरतात. मी त्याला विचारलं, "हे खऱ्यासारखं आहे असं कोण ठरवतं? तुम्हीच?" त्यानं सांगितलं, नाही, सरकारचे तपासनीस ठरावीक मुदतीनं येतात, खऱ्या विमानाच्या नोंदींशी ताडून बघतात, जुळलं तरच शिक्कामोर्तब. तेव्हा मला बरं वाटलं. आमचंही तसंच, फक्त आमचा शिक्का काट्याला लावलेल्या शिशावर असतो.

मुंबईच्या आकाशात आल्यावर मी मेनन यांना विचारलं, "जरा दक्षिणेला घेता का? रत्नागिरी दिसेल." त्यांनी खरंच वळवलं. खाली निळा समुद्र आणि हिरवी जमीन, मध्ये काठ. पण काठ कसा, तर पट्टीनं ओढल्यासारखा सरळ. ना खाडी, ना जयगड, ना गणपतीपुळ्याचं वळण, ना मांडवी.

"हे काय?" मी म्हटलं.

"जिथे उतरायचं असतं तेवढंच यात खरं रंगवतात," मेनन म्हणाले. "बाकी रंग भरून टाकतात."

अनघा म्हणाली, "बाबा, आपलं घर आत्ता त्या हिरव्या रंगात कुठेतरी."

मुंबईला उतरलो. चाक टेकल्याचा धक्का बसला, तो इतका बेमालूम की उतरताना मी बूट झटकले. कशाची धूळ झटकली, कोण जाणे.

कॅप्टन मेनन काय म्हणाले

चहाच्या वेळी अनघा दुसऱ्या वर्गाला गेली आणि मेनन आपणहून बोलले.

"तुमची मुलगी हुशार आहे. हात स्थिर आहे. इंजिन बंद पाडलं, आग लावली, कशानं डगमगली नाही. नापास कशात झाली, सांगितलं तिनं?"

"उंचीत चुकलं म्हणाली."

"उंचीत मी चुकलो. मुद्दाम." त्यांनी बशीवर चमचा आडवा ठेवला. "ढगातून उतरताना एक किमान उंची असते. दोनशे फूट धरा. तिथे पोचेपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर उतरायचं नाही, विमान वर घ्यायचं. मी कप्तान, ती सहवैमानिक. मी दोनशेच्या खाली गेलो. बाहेर नुसता ढग. तिनं मला थांबवायला हवं होतं. दोनदा सांगायचं, नाही ऐकलं तर ताबा घ्यायचा, हा नियम. आणि तुमची मुलगी मला काय म्हणाली? 'सर, तुम्हाला धावपट्टी दिसली असेलच.'"

मी कप खाली ठेवला.

"मी म्हटलं, हो, दिसतेय. ती गप्प बसली. आणि आम्ही टेकडीवर आपटलो."

ते वाक्य मी ओळखलं. आमच्याकडे कोणी कोणाला तुमचं चुकलं असं म्हणत नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर माझे वडील म्हणत, "आज समुद्र माजघरात आला वाटतं." पाहुणा उठत नसेल तर त्याला विचारायचं, "शेवटची एसटी ठाऊकच असेल तुम्हाला." ज्याला कळायचं त्याला कळतं. थोरांना तर असंच सांगायचं. सरळ तोंडावर सांगितलं की उद्धटपणा. अनघा आमच्या घरात शिस्तीची मुलगी म्हणून वाढली. तिनं विमानातही कप्तानाला तशीच सूचना दिली, इंग्रजीत आणि अत्यंत अदबीनं.

"पुढच्या तपासणीत मी पुन्हा चुकेन," मेनन म्हणाले. "कुठे, ते तिला कळणार नाही. ती बोलली नाही तर मी तिला पास करू शकत नाही. मागे दीडशे माणसं बसणार आहेत."

भिंतीवरचं विमान

शिकाऊ वैमानिकांकडे कॉकपिटचं एक मोठं कागदी चित्र असतं. ते भिंतीवर लावायचं, पुढे खुर्ची टाकायची आणि कागदावरच्या खटक्यांना बोटं लावत पाठ करायचं. अनघाच्या खोलीत ते होतंच. त्या दुपारी मी दुसरी खुर्ची लावली.

"मी कप्तान," म्हटलं.

"बाबा, तुम्हाला काय येतं?"

"चुकायला येतं. उंची मी मोजतो. तू मला अडव."

इंजिनाच्या तरफा पुढे लोटल्या की जोर वाढून विमान वर जातं; त्या तरफा म्हणून शारदम्मांची दोन उलथनी घेतली आणि मध्ये स्टुलावर ठेवली. मी मोजायला लागलो. हजार. पाचशे. तीनशे. दोनशे. दीडशे.

"बाबा... तुम्ही बघताय ना?"

"बघतोय. शंभर."

"नाही, म्हणजे... जरा कमी झाली का उंची?"

"पन्नास. मेलो."

पुन्हा. या वेळी ती म्हणाली, "दोनशे झाले हं बाबा," आणि पुढे काही नाही. मेलो. त्याच्या पुढच्या वेळी खोकली. मी म्हटलं, "खोकून विमान वर जात नाही गो."

"तुमच्यावर ओरडायचं कसं?" ती चिडली. "हसू येतं नाहीतर वाईट वाटतं."

आवाज ऐकून शारदम्मा उलथनं शोधत वर आल्या. आम्ही बाप-लेक भिंतीकडे तोंड करून बसलेले. प्रकार समजावून सांगितला. त्यांना तो फारच आवडला.

"इतना धीरे बोले तो कौन सुनता जी?" असं म्हणून त्यांनी जिन्याकडे तोंड केलं आणि यजमानांना तेलुगूत अशी काही हाक मारली की ते खालून वर्तमानपत्र हातात घेऊन धावत आले. काय झालं, त्यांनी विचारलं. काही नाही, शारदम्मा म्हणाल्या, मुलीला दाखवत होते. ते परत खाली गेले.

"देखा? ऐसा बोलने का."

अनघा पोट धरून हसली. हसली ते बरं झालं. पण त्यानंतरच्या फेरीत आम्ही पुन्हा मेलो.

चारमिनारजवळ

तपासणीच्या आदल्या दिवशी तिला सुट्टी होती. कागदासमोर बसून डोकं बधिर झालं म्हणून चारमिनार बघायला गेलो. चारमिनार उत्तम आहे. चारी बाजूंचं माप सारखं वाटतं, मी लांबून अंगठा धरून पाहिलं. बांगड्यांच्या गल्लीत बायकोसाठी लाखेच्या बांगड्या बघितल्या. दुकानदार दोन बोटांनी मनगट दाखवून मापं विचारतो आणि आमच्याकडच्या कासारासारखाच अचूक ओळखतो.

गल्लीतून बाहेर आलो. रस्ता ओलांडायचा होता. आमच्याकडे गाडी कुठल्या बाजूनं येणार हे साधारण ठरलेलं असतं. तिथे तसं काही नाही. मी उजवीकडे बघून पाऊल टाकलं, आणि डावीकडून, उलट्या बाजूनं, एक रिक्षा आली.

"बाबा, मागे!"

पाठीमागून सदऱ्याची कॉलर ओढली गेली आणि मी अननसाच्या गाडीवर जाऊन आदळलो. रिक्षा गेली. गळ्याचं बटण तुटून कुठेतरी पडलं. अननसवाला ओरडत होता, लोक बघत होते, आणि अनघाच्या मुठीत माझी कॉलर अजून तशीच होती.

"कुठे बघत होतात? रिक्षा येतेय दिसत नाही?" ती जवळजवळ किंचाळत होती.

मी श्वास घेतला. चष्मा नीट केला. मग म्हटलं, "'बाबा, तुम्हाला रिक्षा दिसली असेलच,' असं नाही म्हणालीस."

तिनं कॉलर सोडली. "वेळ कुठे होता?"

"तिथे असतो?"

ती बसस्टॉपकडे चालायला लागली. परत येईपर्यंत बसमध्ये खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर स्वतःच खुर्च्या लावल्या, उलथनी मांडली आणि म्हणाली, "मोजा." मी मोजलं. दोनशेवर तिनं सांगितलं, वर घ्या. मी नाही घेतलं. तिनं पुन्हा सांगितलं. मी पुढे मोजलं, तशी तिनं माझ्या हाताखालची उलथनी काढून पुढे लोटली. एक स्टुलावरून खाली पडलं. "ताबा माझ्याकडे," ती म्हणाली, पण म्हणताना माझ्याकडे बघितलं, मला राग आला का ते बघायला. मी तिला म्हटलं, "छान." मनात मात्र धास्ती राहिली. मी बाप आहे, उलथनं उलथनं आहे. उद्या कप्तानाच्या अंगावर गणवेश असणार.

काचेतून

तपासणीला नातेवाइकांना आत जाऊ देत नाहीत. सभागृहाच्या एका बाजूला काचेची ओसरी आहे, तिथे मला खुर्ची मिळाली. अनघा आणि मेनन आत गेले. पूल उचलला गेला. अनघानं त्या सकाळी खाल्लं नव्हतं. तिच्यासाठी केलेलं कुळथाचं पिठलं शारदम्मांनी आवडीनं संपवलं.

बाहेरून काही ऐकू येत नाही. दिसतात ते फक्त सहा पाय. मला एव्हाना ती भाषा थोडी कळायला लागली होती. पेटी मागे कलली की उड्डाण. डावीकडे झुकली की वळण. एकदा पेटीनं एकदम आडवा हिसका खाल्ला, म्हणजे बहुतेक इंजिन बंद पाडलं. मग ती हळूहळू सावरली. ते तिला येतंच. मी त्याची काळजी करत नव्हतो.

बराच वेळ गेला. दोनदा पेटी सरळ होऊन हळूहळू पुढे झुकली, म्हणजे उतरण, आणि दोन्ही वेळा टेकल्याचा धक्का स्पष्ट दिसला. सगळं सुरळीत. मेनन तिला दमवत असावेत असं मला वाटलं. ताजा असताना कोणीही सावध असतो.

तिसऱ्यांदा पेटी पुढे झुकली. पाय एकसारखे थरथरत होते, म्हणजे आत ढग. मी मनात मोजायला लागलो. उंची मला दिसत नव्हती, तरी मोजलं. माझ्या हिशेबानं दोनशे आले आणि गेले. पेटी तशीच होती. मी उभा राहिलो. काचेला कपाळ लागलं. आपटली की पेटी गचकन थांबते आणि सरळ होते, हे मला तंत्रज्ञानं दाखवलं होतं. मी त्या गचक्याची वाट बघत होतो.

पेटी मागे कलली. हळू नाही, एकदम. पुढचे पाय पूर्ण लांब झाले, नाक वर गेलं आणि तसंच राहिलं. विमान वर चाललं होतं.

पण कोणी नेलं? तिनं नेलं, की शेवटच्या क्षणी मेनन यांनीच? पायांवरून ते कळत नाही. पहिल्यांदाच मला ते यंत्र अपुरं वाटलं.

पूल खाली आला तेव्हा मी पायथ्याशी जाऊन उभा होतो. आधी अनघा बाहेर आली. कानशिलांवरचे केस घामानं चिकटलेले. माझ्याकडे बघितलं, पण हसली नाही, रडलीही नाही. तिच्या मागून मेनन आले, कागदांचं पॅड काखेत धरून.

"सोमवारपासून खऱ्या विमानावर," ते मला म्हणाले. "सही केली मी."

मग त्यांनी उजवा हात पुढे केला. मला वाटलं, हस्तांदोलन. पण त्यांनी बोटं पालथी करून दाखवली. दोन पेरं लाल होऊन सुजली होती.

"मी म्हटलं, धावपट्टी दिसतेय. ती म्हणाली, मला दिसत नाही, वर घ्या. मी घेतलं नाही. पुन्हा म्हणाली. मग तरफांवर माझा हात होता, त्याच्यावर हिचा हात असा आला की..." त्यांनी बोटं झटकली. "तीस वर्षांत मला कोणी मारलं नव्हतं, साहेब."

निवृत्त, वयानं माझ्याहून मोठा माणूस, गुरू, आणि त्याच्या हाताला सूज. मी हात जोडले. "कॅप्टनसाहेब, लहान आहे ती. तिच्या वतीनं मी तुमची—"

"बाबा, माफी मागू नका," अनघा म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. मला राग आला का ते बघायला तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती पायऱ्या उतरत होती.

मी वाक्य तिथेच सोडलं आणि जोडलेले हात खाली घेतले.